रकाना सातवा : कोणी हलवली

उरण,
६ नोव्हेंबर २०२५

चारुता,

पत्र बघून दचकली असशील. दाजींना सांगितलंय, तुझ्या हातातच द्या, दुसऱ्या कुणाकडे नको. दाजी म्हणजे माझ्या रंजिताताईचे मिस्टर. द्रोणागिरीच्या गोदामाची स्टाफ बस चालवतात, सकाळी पनवेल स्टँडसमोरून माणसं उचलतात, आणि तू त्याच वेळी तिथून आपल्या इतिहास मंडळात जातेस. मला म्हणाले, "पन्नास माणसं नेतो, वर तुझी ही चिठ्ठी. हिचं तिकीट कोण काढणार?"

मला इथे गोदामात काम मिळालंय, राहतो ताईकडेच. कंटेनरवरचे नंबर वहीत उतरवायचे. एकदम ठरलं म्हणून न सांगता आलो. गोदामात फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून बंदच ठेवलाय. आणि फोनवर लिहिलेलं कुठे कुठे राहतं, कोण कोण वाचतं, काही सांगता येत नाही. तूही मला फोनवर काही लिहू नकोस. तसं काही कारण नाही, आपलं असंच.

पेन्सिलीने लिहितोय, हसू नकोस. नीताताईंनी वर्षभर "मंडळात पेन काढायचं नाही, शाईचा एक थेंब आणि शंभर वर्षांचा कागद मेला" असं इतकं ऐकवलंय, की आता किराण्याची यादीसुद्धा मी पेन्सिलीने करतो. ही तुझीच आहे. मागच्या टोकाला तुझ्या दातांच्या खुणा आहेत. परत मागू नकोस.

आपल्या आंबेखारच्या दगडाचं काही कळलं का? पोलिस आले होते का मंडळात? कुणाचं नाव घेतलं? सहज विचारतोय. तू मला तो पहिल्यांदा दाखवलास तो दिवस आठवतो. जन्मापासून त्याच्या शेजारून जात होतो, गाव म्हणतं गाढवाचा दगड, मीही तेच म्हणायचो. नीताताईंनी 'गद्धेगाळ' हा शब्द सांगितला. वर सूर्य-चंद्र, मध्ये झिजलेली अक्षरं, खाली गाढव आणि बाई. "हजार वर्षांपूर्वी कुणी जमीन दान दिली, आणि जो कोणी हे दान मोडेल त्याच्या आईला..." एवढं बोलून ताई चष्मा पुसायला लागल्या होत्या, आणि तू इतकी हसलीस की तुझी मोजायची टेप हातातून पडली.

मी पण हसलो होतो. आता वाटतं हसायला नको होतं.

उत्तर दाजींकडेच दे. लवकर.

प्रणित

•

पनवेल,
९ नोव्हेंबर

प्रणित,

काय माणूस आहेस तू! कॉलेज सोडलंस तेव्हाही असंच, एचओडीच्या टेबलावर आयकार्ड आपटून दुपारच्या गाडीने घरी. आता मंडळ सोडलंस तेही न सांगता, आणि तेसुद्धा आम्हाला तुझी सगळ्यात गरज असताना. वरून हे हेरगिरीसारखं पत्र. तुझे दाजी मात्र भारी आहेत. "सही करा मॅडम, रजिस्टर्ड आहे," म्हणाले.

इथलं ऐक. दगडाचा पत्ता नाही. दोन तारखेला, तुमच्या गावच्या क्रिकेटच्या फायनलच्या दुपारी तो गेला. अख्खं गाव मैदानावर, स्पीकर चालू, गल्ल्या रिकाम्या. शेजारच्या बिल्डरच्या प्लॉटचा वॉचमन काशिरामकाका, तोही जागेवर नव्हता म्हणे. संध्याकाळी बघतो तर नुसता खड्डा. बिल्डरनेच उचलला असणार, दुसरं कोण? दगड असेपर्यंत त्याची भिंत अडलेली. पण बिल्डर म्हणतो माझा माणूस तिथे बसवला होता त्याला विचारा. झालं, सगळं काकांवर. काका एवढंच सांगतात, "मी पानी प्यायला गेलो होतो." तुझ्या त्या मित्राने, केतनने, आणि त्याच्या टोळक्यातल्या पोरांनी त्यांना चौकात धरलं, "देव विकलास काय रे?" म्हणून. भुवईवर पाच टाके पडले. नोकरी गेली. रोज सकाळी चौकीत जाऊन बसतात.

नीताताईंनी नोंदवही काढली. तुला माहीत आहे ना सातवा रकाना, 'कोणी हलवली'? तीनशे बारा वस्तूंपुढे तिथे नुसती आडवी रेघ आहे, आणि ताईंना त्या रेघांचाच अभिमान. 'आपण वस्तू गोळा करत नाही, आपण जागा जपतो.' त्या दिवशी तिथे त्यांनी पेन्सिलीने 'अज्ञात' लिहिलं आणि बराच वेळ वही मिटलीच नाही.

ज्याने नेला ना, त्याला त्या दगडावरची शिवी लागू दे. अगदी शब्दशः.

अजून एक. काल मी तुझ्या घरी गेले होते. दगडाच्या जुन्या आठवणी गावातल्या बायकांकडून रेकॉर्ड करतोय, म्हटलं तुझ्या आईपासून, भामाकाकूंपासूनच सुरुवात करू. त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये! पाच तारखेला मागच्या दारी घसरल्या म्हणे. तू सांगितलं नाहीस. त्या चहा करत होत्या म्हणून मी मागच्या दारी धुण्याच्या दगडावर टेकले, तर अशा ओरडल्या माझ्यावर, "उठ! उठ तिथून, बाय!" मी घाबरून उभीच राहिले. मग एक शब्द बोलल्या नाहीत. रेकॉर्डिंग शून्य. मी त्यांना आवडत नाही हे सरळ सांग ना. कॉलनीतली पोरगी, जीन्स, काय असेल ते.

वीस तारखेला पुरातत्त्वचे अधिकारी जागा बघायला येणार आहेत. आता काय दाखवायचं त्यांना, खड्डा?

चारुता

•

उरण,
११ नोव्हेंबर

चारुता,

तुझं पत्र वाचून मी बाहेर जाऊन उलटी केली. ताईला वाटलं मासळी बाधली.

तू ज्याच्यावर बसलीस तो धुण्याचा दगड नाही.

झालं. लिहिलं. आता पुढचं लिहितो.

एकतीस तारखेला जेसीबीच्या चाकांच्या खुणा दगडापासून दोन हातांवर आल्या होत्या. तू त्या टेपने मोजल्यास आणि मग तोंड फिरवलंस. मला वाटलं तू रडतेयस. कदाचित डोळ्यांत धूळ गेली असेल, पण माझं डोकं फिरायला तेवढं पुरलं. अर्ज, पंचनामे, वीस तारीख. तोपर्यंत हे लोक दगडाची खडी करतील, असं वाटलं. म्हटलं आपण वाचवू आणि वीस तारखेला तिच्यासमोर नेऊन ठेवू. तुझा चेहरा कसा होईल ते मी चार-पाच वेळा मनात बघितलं सुद्धा. खोटं कशाला बोलू.

दोन तारखेला मीच काशिरामकाकांना म्हणालो, "काका, फायनल आहे, जा बघून या. मी बसतो इथे." ते म्हणाले, "खरंच? तू हायस ना?" मी म्हटलं, आहे. ते पोरासारखे पळत गेले. मी पहारीने दगड सैल केला, फळीवरून घसरवत बाबांच्या मिठागरातल्या जुन्या हातगाडीवर घेतला, वर गोणपाट. दहा मिनिटांचं अंतर. स्पीकरवर कुणीतरी सिक्सर मारल्याचं ओरडत होते. घरी मागच्या दारी पालथा टाकला. आईला म्हटलं, धुण्याला दगड आणलाय. ती म्हणाली, बरं केलंस.

दोन दिवसांत गावात आग लागली आणि मी इथे पळालो. गोदामातली नोकरी मी मागून मिळवली.

पोलिसांची भीती वाटते, ती वाटतेच. गोदामाच्या गेटवर जीप थांबली की माझ्या वहीतले नंबर चुकतात. पण त्याहून मोठी भीती दुसरी आहे, आणि ती सांगायची लाज वाटते. शिवी ज्याने दान मोडलं त्याला नाहीये, चारुता. त्याच्या आईला आहे. आणि माझ्या आईचा हात तीन दिवसांत मोडला. त्याच दगडापाशी. रंजिताताईने सांगितलं तेव्हा मी दाराची कडी धरून उभा होतो. मला सगळं माहीत आहे, ताईंचं भाषण मला पाठ आहे, की हे नुसतं धाक दाखवायला कोरलेलं असतं. पण आता रोज सकाळी ताईचा फोन वाजला की मला वाटतं आईचंच काहीतरी. आणि तूही लिहिलंस, शिवी लागू दे, शब्दशः.

काका तेव्हा पाणी प्यायला गेले नव्हते. त्यांनी माझं नाव का घेतलं नाही?

कुणाला सांगू नकोस. मला काय करू ते सांग.

प्रणित

•

पनवेल,
१५ नोव्हेंबर

प्रणित,

चार दिवस लिहिलं नाही कारण जे लिहीत होते ते फाडत होते. तुझ्या दाजींनी दोनदा विचारलं, "आज टपाल नाही का मॅडम?" त्यांना काय सांगू?

सगळ्यात आधी, ते 'शिवी लागू दे' लिहिलं ते मागे घेते. मला माहीत नव्हतं. पण बाकीचं मागे घेत नाही.

तू वर्षभर नीताताईंच्या शेजारी बसून काय ऐकलंस? वस्तू जागेवरच. हे नियमाचं कौतुक नाहीये. तो दगड हजार वर्षं सांगत होता की 'ही' जमीन. ही, पायाखालची. तुमच्या घरामागे तो कशाची साक्ष देतो? आईच्या साबणाची? अधिकारी दगड बघायला येत नाहीयेत, दगड कुठे रोवलाय ते बघायला येतायत. तो जागेवर असता तर ती जागा वाचली असती. बिल्डरला जे वर्षभर जमलं नाही ते तू एका दुपारी हातगाडीवरून करून दिलंस. फुकट.

आणि मी रडत नव्हते. धूळच होती. माझ्यासाठी केलं असं परत कधी म्हणू नकोस, कुणालाच नको. मला नाही पेलवत.

काशिरामकाकांना मी भेटले. तुझं नाव न घेता विचारलं, "काका, त्या दुपारी तिथे कोणी बसलं होतं का?" ते म्हणाले, "मंडळाचा पोरगा त्या दगडाला हात लावताना चप्पल काढतो. त्याचं नाव मी चोर म्हणून कसं घेऊ? कोनीतरी त्याला पण फसवला असंल." ते अजून तुला फसवला गेलेला समजतायत.

माझ्याकडे मापाचं ड्रॉइंग आहे. दिशा, खोली, उत्तरेकडच्या बांधापासूनचं अंतर, सगळं. दगड परत तंतोतंत त्याच खड्ड्यात बसू शकतो. पण माझी सुट्टी संपली, अठराला मी पुण्याला परत जातेय, आर्किटेक्चरच्या कॉलेजात ज्युरी आहे, म्हणजे प्रोजेक्टची परीक्षा, टाळता येत नाही. वीस तारखेला मी तिथे नसेन. ड्रॉइंग मंडळाच्या कपाटात, तिसऱ्या खणात.

मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. हे तुझ्यासाठी करत नाहीये. तू काय करतोस ते मला बघायचंय.

चारुता

•

उरण,
१६ नोव्हेंबर

चारुता,

मी एक विचार केलाय. ऐकून घे, लगेच चिडू नकोस.

एकोणीसला पहाटे मी येतो, दगड खड्ड्याजवळ ठेवतो आणि निघतो. सकाळी लोकांना दिसेल. म्हणतील ज्याने नेला त्यानेच भिऊन आणून टाकला. काका पण सुटतील, कारण दगड मिळाला की केस कसली? माझं नाव कशाला पाहिजे त्यात? एकवीस वर्षांचा आहे मी. कॉलेज नाही, डिग्री नाही, आता वर पोलिस केस? आणि केतनची पोरं. तू त्यांना बघितलं नाहीस. काकांना पाच टाके, मला किती? आईला एकच मुलगा आहे गं.

पहाटे ठेवला तर चालेल ना? फक्त हो म्हण. तू हो म्हटलंस तर मला धीर येईल.

प्रणित

•

आंबेखार,
१७ नोव्हेंबर

प्रणित, तुला हो किंवा नाही लिहायच्या आधी मी तुझ्या घरी आले. काकूंना तुझी पत्रं वाचून दाखवली. चूक की बरोबर माहीत नाही. त्या म्हणाल्या, "आता मी सांगते, तू लिही." खालचा शब्द न् शब्द त्यांचा आहे. — चारुता

पोरा,

ही बाय लिहितेय, मधी मधी थांबते. मी सांगते, थांबू नको, सगला लिही.

दगड तू आनलास त्याच दिवशी मी ओलखला. पालथा टाकलास म्हनून काय झाला? त्याचा एक कोपरा तुटलेला हाय. तो तुझ्या आजाच्या बैलगाडीनं तुटला, मी तवा नवी नवरी. दर सालाला भात घरात आला की त्या कोपऱ्यावर मी तेल घातलाय. मी ओलखनार नाय? तू म्हनालास धुन्याला दगड. मी म्हनली बरा केलास. तुझा तोंड बघून मी तसा म्हनली. तुझा बाप मिठागरात असताना ताप आला की असाच तोंड करायचा आनि म्हनायचा, कय नाय, कय नाय.

त्याच्यावर मी एक कपडा आपटला नाय. बालदीत धुते. ही बाय त्याच्यावर बसली, म्हनून मी वरडली. तिला वाईट वाटला. आता तिला सांगितला.

माझा हात कसा मोडला, ऐक. दगडावर पाय पडाया नको म्हनून मी वलसा घालून मोरीकडं जायची. तिथं शेवाल. घसरली. झाला. गाढव-बिढव कोन आला नाय. पन तू तो तिथं टाकला नसतास तर मला वलसा घालाया लागला नसता. ह्याच्यापुढं तुला काय समजायचा ता समज.

तू भ्यालास, तशी मी पन भ्याली. मला वाटला, मी तोंड उघडला तर पोलिस तुला नेतील. म्हनून गप बसली. परवा काशिराम आला. डोल्यावर पट्टी. मला विचारतो, वयनी, हात कसा मोडला? मी त्याला चा दिला. त्याच दगडासमोर बसून तो चा प्याला, आनि मी त्याच्या तोंडाकडं बघू नाय शकली. माझ्याच दारात. असा मला कवाच झाला नव्हता.

पहाटेचा येऊ नको. पहाटेचा चोर येतो. तू उजेडी ये.

एकटीला मला तो उचलत नाय. नायतर मीच ठेवून आली असती.

तुझी आई

•

आंबेखार,
२१ नोव्हेंबर

चारुता,

हे तुझ्या पुण्याच्या होस्टेलच्या पत्त्यावर पोस्टाने टाकतोय. दाजी म्हणाले, "आता माझी नोकरी गेली वाटतं."

काल सकाळी सात वाजता एसटीतून उतरलो. आधी घरी नाही गेलो. काशिरामकाकांच्या दारात गेलो, कारण घरी गेलो असतो तर परत बाहेर पडलो नसतो. काकांनी दार उघडलं. पट्टी काढलीय, टाके दिसतात, काळ्या दोऱ्याचे. मी म्हटलं, "काका, मी नेला." पुढे बरंच बोलायचं ठरवलं होतं. तेवढंच आलं.

मला वाटलं आता मारतील; मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी आत जाऊन शर्ट घातला, चप्पल घातली आणि म्हणाले, "जड हाय तो. एकट्यानं कसा नेलास?"

"हातगाडीवर."

"तुझ्या बापाची, महादेवची हातगाडी? चाक करकरतंय तिचं. आनि कोनाला ऐकू नाय गेला?"

"फायनल होती काका."

"हां," म्हणाले. "फायनल होती. मी बघितली ना. आपली हरली."

मग आम्ही तिघांनी दगड उलटा केला. आई एका हाताने. सूर्य-चंद्रावर चिखल होता, तिने पदराने पुसला, बाईवर आणि गाढवावर पण पुसला, आणि हसली. म्हणाली, "बाई बिचारी, तिचा काय गुन्हा?" हातगाडी गावातून भर उजेडी नेली. करकरत. दारादारातून माणसं बाहेर आली. केतन समोर आला. त्याने दगड बघितला, मग माझ्याकडे, मग काकांकडे, आणि काकांच्या भुवईपाशी त्याची नजर थांबली. त्याने हातगाडीच्या दांड्याला हात लावला तेव्हा मी डोळे मिटले होते. तो ढकलत होता. पण माझ्याशी बोलला नाही. अजून बोललेला नाही.

अधिकाऱ्यांना दाखवायला म्हणून नीताताई तुझं ड्रॉइंग घेऊन आधीच खड्ड्यापाशी आल्या होत्या. तुझी मापं बरोबर आहेत. दगडावर मातीची जुनी काळी रेघ आहे ना, ती जमिनीला येऊन अशी टेकली, की जणू कधी निघालाच नव्हता.

अकराला अधिकारी आले. बसले, वाकले, फोटो काढले. मग बोटाने कडेची माती उकरली. ताजी होती. "हा हलवलाय का?" त्यांनी विचारलं. शंभरेक माणसं असतील. खरं सांगतो, कुणी काही बोललं नसतं तर चाललंही असतं. ताई जमिनीकडे बघत होत्या. प्लॉटवाल्यांचा माणूस फोनवर बोलायचा थांबला. मला आई दिसली. ती फक्त काशिरामकाकांकडे बघत होती, नीट, तोंडावर.

"हो साहेब. मी हलवला." मी काकांकडे हात केला. "ह्यांनी नाही. ह्यांना मीच मॅच बघायला पाठवलं होतं."

साहेबांनी लिहून घेतलं. म्हणाले, हलवलेला दगड आणि जागचा दगड यात फरक असतो, मला तो लिहावा लागेल. ताईंनी तुझं ड्रॉइंग, जुने फोटो, अक्षरांचा कागदावर घेतलेला ठसा, सगळं पुढे केलं. त्यांनी दगडाची काळी रेघ परत परत बघितली. अहवाल येईपर्यंत भिंतीचं काम बंद आहे. पुढे काय, कुणालाच माहीत नाही. माझ्यामुळे ती जागा जाऊ शकते. हे मी रोज सकाळी उठून आधी आठवणार आहे.

उद्या दहा वाजता चौकीत जबाब. काका बरोबर येणार म्हणतात, "रस्ता मला पाठ झालाय." मी हसलो नाही. मला अजून तितकीच भीती वाटते चारुता. पण गेले पंधरा दिवस ती काकांच्या अंगावर टाकून मी उरणला बसलो होतो. आता माझी मला मिळाली.

तुझ्याबद्दल काही लिहिणार नाही. तू लिहू नकोस म्हणालीस. पेन्सिल मात्र पाकिटात घातलीय.

संध्याकाळी ताईंनी मंडळात बोलावलं. नोंदवही उघडून ठेवली होती. सातव्या रकान्यात त्यांचं ते 'अज्ञात'. मला म्हणाल्या, खोड. मी खोडलं. मग तुझी पेन्सिल काढली, तर त्यांनी माझा हात धरला. स्वतःच्या पर्समधून निळं पेन काढलं, टोपण काढून माझ्यापुढे ठेवलं. मंडळात. त्या टेबलावर.

"हे पेनने लिही," म्हणाल्या.

मी पूर्ण नाव लिहिलं. बाबांच्या नावासकट. शाई वाळेपर्यंत ताई वहीवर हात धरून बसल्या होत्या. तेच पेन मग मागून घेतलं, हे पत्र त्यानेच लिहितोय.

प्रणित